लाल बटण आणि माईंचा राग

मी एक लाल बटण बोलतोय. मराठीत बटण म्हणजे 'ते', तेव्हा खरं तर मी 'बोलतंय' म्हणायला हवं. पण माझा जन्म देवासच्या कारखान्यांच्या वसाहतीतला. तिथे सगळा कारभार हिंदीत, आणि हिंदीत 'ते' नसतंच. एक तर 'तो', नाही तर 'ती'. कामगार मला 'लाल वाला' म्हणायचे, म्हणून मी 'तो' झालो. पुढे माईंनी माझ्यासमोर कितीतरी मुलांची भाषा सुधारली, पण माझं तेवढं राहून गेलं.

मी दिव्याचं बटण नाही की दारावरच्या घंटीचंही नाही. मी यंत्र थांबवायचं बटण आहे. मोठ्या यंत्राच्या कडेला माझ्यासारखं एक असतं, वाटीएवढी लाल टोपी घातलेलं. पट्ट्यात कुणाची बाही सापडली की धावत यायचं आणि मला दाबायचं. यंत्र जागच्या जागी गप्प होतं.

आणि मी आतच राहतो.

हे नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी याच्यातच आहे. माझ्या पोटात एक खटका आहे. जोरात दाबलं की तो बसतो आणि मला आत धरून ठेवतो. धोका टळला का, हे आधी कुणी माणसाने बघायचं, मग मला हलकेच उजवीकडे फिरवायचं. तेव्हा कुठे 'टक्' करून मी वर येतो. ओढून मी सुटत नाही. कुठे फिरवायचं ते दाखवणारे दोन बाण माझ्या टोपीवर कोरलेले आहेत. पण माणसं घाईत असतात. बाण कुणी बघत नाही. सगळे ओढतात.

कारखान्यात मी एकदाच कामाला आलो. एकाचा गमछा पट्ट्यात गेला होता. "अरे भिया, दबा! लाल वाला दबा!" अशी ओरड झाली आणि एका घामेजलेल्या तळहाताने मला दाबलं. गमछा फाटला, माणूस वाचला. त्यानंतर फोरमन मला ओढत, शिव्या देत बसला. माझा मात्र त्या दिवशी ऊर भरून आला होता. आपल्याला दाबल्यामुळे कुणी तरी घरी जाऊन जेवलं, यापरतं बटणाला आणखी काय हवं?

पुढे तो कारखाना बंद पडला. यंत्रं भंगारात निघाली आणि मी फिरत फिरत मुंबईला पोचलो. टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी नेपथ्य उभारणाऱ्या एका माणसाने मला ढिगातून उचललं. "ये देख, असली माल!" म्हणाला. त्याने मला पुसलं, चमकवलं आणि एका उंच, सोनेरी खांबावर बसवलं. यंत्राची भिंत सोडून मी एकदम दिव्यांच्या झोतात आलो.

कार्यक्रमाचं नाव होतं 'एक शब्द, नेक काम'. त्यात एक प्रसिद्ध माणूस यायचा, सिनेमातला, मालिकेतला किंवा खेळाडू. त्याच्या जोडीला एखाद्या संस्थेचा माणूस असायचा. दोघांनी मिळून खेळायचं, आणि जिंकलेली रक्कम त्या संस्थेला जायची. कुणी अनाथ मुलांसाठी खेळलं, कुणी दवाखान्यासाठी.

प्रसिद्ध माणसाला काचेच्या खोलीत उभं करत. कानांवर मोठे हेडफोन. आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं, पण बाहेरचा आवाज काही केल्या आत जायचा नाही. तो जायचा फक्त माझ्यातून. संस्थेच्या माणसाला एका कार्डावर शब्द दाखवत. त्याने मला दाबायचं, त्या शब्दाची खूण पटवणारा दुसरा एकच शब्द माइकवर बोलायचा आणि हात उचलायचा. खूण कुठल्याही भाषेत दिली तरी चाले. ओळखायचा शब्द मात्र हिंदी. दाबायचं हवं तितक्यांदा, पण दर वेळी शब्द एकच.

हात उचलताच मी वर येणं भाग होतं. म्हणून सेटवरच्या इलेक्ट्रिशियनने माझा खटका कानशीने घासून बोथट केला. बोथट केला, काढला नाही. हे त्याच्याही लक्षात राहिलं नाही.

त्या खांबावरून मी खूप माणसं पाहिली. कुणी मला मारुतीला शेंदूर लावावा तसं हळूच दाबायचं, कुणी डास मारावा तसं. आणि ती काचेची खोली! तिला आतून कडी नव्हती. शिरताना सगळे हसत, हात हलवत. दार लागलं आणि बाहेरची टाळी ऐकू येईनाशी झाली, की चेहऱ्यावरचं हसू उतरायचं. इतकी नावाजलेली माणसं, पण आवाज बंद झाला की गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखी बघत. मला वाटायचं, मी आहे ना इथे. माझ्यातून एक तरी शब्द पोचेल.

मग एके दिवशी देवासची माणसं आली.

माझ्या खांबापाशी एक बारीक चणीच्या, सत्तरीच्या बाई उभ्या राहिल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी. केस घट्ट बांधलेले. बोटांच्या टोकांना तारेचे घट्टे. सगळे त्यांना माई म्हणत. देवासच्या मुलींच्या शाळेत त्यांनी गाणं शिकवलं होतं आणि आता एका भाड्याच्या हॉलमध्ये मुलांना गाणं शिकवत, एक पैसा न घेता. जिथे माझा जन्म झाला त्या वसाहतीतली मुलंही त्यांच्याकडे यायची. पण हॉलचा मालक जागा विकायला निघाला होता. गणपती झाले की हॉल सोडायचा, असं त्याने सांगून टाकलं होतं. खेळ जिंकला तर तीच जागा संस्थेला घेता येणार होती. हरला तर वर्ग बंद.

त्यांच्याबरोबर त्यांची भाची होती, इरावती. लांब बंगळूरला शिकून परत आलेली, सगळं जग आपल्या गावात आणायला निघालेली. कार्यक्रमाला पत्रं पाठवणं, जागेची खटपट, सगळं तिचंच. आणि काचेच्या खोलीत जाणारा होता अर्पित घाटगे. मालिकेतला हिरो, पण मूळचा देवासचाच. त्याचे वडील गणपतराव तिथे लग्नांच्या वरातीत वाजणारा बँड चालवत. आणि अर्पित लहानपणी माईंचा शिष्य होता.

सरावाच्या वेळी माई माझ्यावर हात ठेवून उभ्या होत्या. इरावती हळूच म्हणाली, "माईमावशी, त्याच्याशी दोन शब्द तरी बोला हो. टीम आहात तुम्ही."

"एकच शब्द बोलायचा आहे ना? तो खेळात बोलेन."

"तो स्वतः मदत करायला तयार होता. तुम्हीच नको म्हणालात."

"त्याचं दान मला नको. खेळून जिंकलेलं चालेल. ते मुलांचं."

"पण एवढा कसला राग, मावशी?"

माई काचेच्या खोलीकडे वळल्या. मला मात्र त्यांचा तळहात जड झालेला जाणवला.

खेळ सुरू झाला. सूत्रसंचालन करणारी रुची म्हणून एक हसरी मुलगी होती. अर्पित काचेच्या खोलीत जायच्या आधी तिने त्याला सांगितलं, "सर, पहले वो सुनाइए ना, जो आप हर बार सुनाते हैं!" अर्पितने डोळे मिटले आणि गायला लागला. आवाज गोड होता, हे मलासुद्धा कळलं. प्रेक्षक डोलू लागले. गाणं एका वळणावर आलं, आता वर चढणार असं वाटलं, आणि तो थांबला. वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट.

माईंनी टाळी वाजवली नाही.

पहिले शब्द झरझर गेले. कार्डावर होतं 'नदी'. माईंनी मला दाबलं, "नर्मदा!" आतून आलं, "नदी!" मग 'पोहा'. माई म्हणाल्या, "सकाळ!" आणि अर्पित ओरडला, "पोहा!" सगळे प्रेक्षक हसले. मुंबईकरांना कळलं नसेल, पण माळव्यात सकाळ म्हणजे दुसरं काय असणार? इरावती पुढच्या रांगेत उड्या मारत होती. माईंच्याही ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हललं. दोघं एका गावचे आहेत, हे खेळात दिसत होतं.

मग शेवटचं कार्ड. तो शब्द आला की जागा आपली. घड्याळाचा काटा धावू लागला. कार्डावर लिहिलं होतं, 'गुस्सा'.

माईंचा चेहरा उजळला. इतका सोपा! मराठी माणसाला हा शब्द पाळण्यात कळतो. त्यांनी मला दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"राग!"

आत अर्पितचाही चेहरा उजळला. "यमन!" तो म्हणाला.

माई चमकल्या. पुन्हा दाबलं. "राग!"

"भैरवी! मारवा! ...बागेश्री?"

तुम्ही हसाल. सेटवरचे हसले नाहीत, कारण त्यांना काय चुकतंय तेच कळत नव्हतं. पण सांगा, त्याची तरी काय चूक? हिंदी शाळेत शिकलेला पोरगा, मराठी घरात ऐकलेली तेवढीच. आणि समोर कोण, तर जिने त्याला सा लावायला शिकवला ती बाई. तिच्या तोंडून 'राग' ऐकल्यावर देवासचा कुठला मुलगा गुस्सा समजेल?

आणि मग त्याला वाटलं की आपल्याला कळलं. तो हसला. माईंना आपलीच चीज हवी आहे! त्याने डोळे मिटले आणि तेच गाणं पुन्हा गायला लागला. बाहेर टाळ्यांचा पाऊस. काटा पुढे. गाणं त्याच वळणावर आलं आणि तिथेच तुटलं.

माईंनी तळहाताने मला असं दाबलं, की त्या गमछेवाल्याच्या दिवसानंतर तसं कुणी दाबलं नव्हतं.

"राग!"

त्यांनी हात उचलला. मी वर आलो नाही.

माझा बोथट खटका बसला होता. मी आत अडकलो आणि वाट उघडीच राहिली. टाळ्यांच्या आवाजात कुणाला कळलं नाही. माईंना तर नाहीच. हात उचलला म्हणजे आपलं बोलणं आपल्यापाशी, असं समजून त्या काचेकडे बघून पुटपुटू लागल्या:

"राग म्हणजे राग रे, गाढवा! यमन नाही आणि मारवा नाही. मला आलाय तो! तुझा आलाय! स्थायी शिकलास आणि न सांगता पळालास. तंबोरा लावून मी बसले होते त्या दिवशी, अंतरा सांगायला. आला नाहीस. आणि आता गावोगाव ती अर्धीच चीज गातोयस. लोक टाळ्या वाजवतात आणि मला इथे लाज वाटते. उरलेली अर्धी माझ्यापाशी पडून आहे, तिचं मी काय करू? एकदा तरी यायचंस, मेल्या. ओरडले असते आणि शिकवली असती."

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही ते पुढेच कळलं. चीज म्हणजे बंदिश, तिचे दोन भाग असतात. स्थायी खालच्या, ओळखीच्या सुरांत फिरते. अंतरा वर चढतो. ज्याला अंतरा येत नाही तो फिरून फिरून त्याच खोलीत येतो.

आत अर्पितचे हात हळूहळू हेडफोनवर गेले. ते त्याने कानांवर घट्ट दाबून धरले. चेहऱ्यावर रंग होता म्हणून, नाही तर तो पांढरा पडलेला सगळ्यांना दिसला असता. त्याचे ओठ हलले. शब्द त्याला कळला होता. 'गुस्सा' म्हटलं की संपलं. हॉल वाचला, वर्ग वाचला. बाहेर कुणाला काही ठाऊक नव्हतं. माझ्याखेरीज.

काटा पुढे चालला होता. मी आत दाबला गेलेला. बोल रे काही तरी, असं मनात म्हणत होतो. त्याने काय बोलावं असं मला वाटत होतं, ते आजही सांगता येत नाही.

त्याने दार ढकललं. आतून कडी नाही, दार हललं नाही. मग तो आहे तिथूनच म्हणाला, "रुची, बटन अटक गया है. मैंने सब सुन लिया."

टाळ्या थांबल्या. धावपळ झाली. दोघा-तिघांनी येऊन मला ओढलं. एकाने पेचकस घातला. मी सुटलो नाही. त्यांनी शेवटी तारच काढली. काचेचं दार उघडलं. कार्यक्रमाचा मुख्य माणूस पळत आला आणि दोघांना बाजूला घेऊन हिंदीत समजावू लागला. हे सगळं कापता येईल. तुम्ही फक्त 'गुस्सा' म्हणा, आम्ही इथून पुढे जोडू. नेक काम आहे, मुलांचं काम आहे. कुणाला कळणार आहे?

"नहीं," अर्पित म्हणाला.

"नाही," माई म्हणाल्या. अगदी त्याच क्षणी, जणू समेवर.

मग माई अवघडून हसल्या. "एका शब्दाचा खेळ होता ना हो? मी केवढी बडबडले!"

पुढच्या रांगेत इरावतीने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

तेवढ्यात अर्पितला दुसऱ्या शूटिंगसाठी न्यायला माणसं आली. तो माईंच्या पाया पडला. माईंना काही तरी म्हणायचं होतं, मला दिसत होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "जा. तुझी माणसं थांबलीत." आणि तो गेला. जे सांगायचं नव्हतं ते पोचलं होतं, आणि जे सांगायचं होतं ते राहिलं.

कार्यक्रमवाल्यांनी आठवण म्हणून मला काचेच्या पेटीत बसवलं, खाली पितळी पट्टी लावली आणि इरावतीच्या हातात दिलं. आधीच्या फेऱ्यांत जिंकलेलं होतं त्यात एक तंबोरा आणि तबल्याची जोडी आली. हॉल आला नाही.

असा मी परत देवासला आलो. सकाळी टेकडीवरून देवीच्या आरतीचे सूर आले आणि मी ओळखलं, हे आपलं गाव. पण ते सूर काचेपलीकडून येत होते. इरावतीने मला हॉलच्या भिंतीवर टांगलं आणि खाली लिहिलं, 'कृपया हात लावू नये'. ती मनाने फार चांगली. प्रत्येक गोष्ट जपावी असं तिला वाटतं. पण जपलेल्या वस्तूचा श्वास कोंडतो, हे तिच्या कॉलेजात शिकवलं नसावं.

आणि मी अजून दाबलेलाच होतो.

दाबलेलं राहणं म्हणजे काय, कसं सांगू? यंत्र कधीचं थांबलेलं आहे, माणसं जेवून झोपली आहेत, आणि तुम्ही अजून किंचाळी ऐकताय. माईंचा तो तळहात माझ्यावरून उठलाच नव्हता. त्यांचा राग माझ्या पोटात खटक्याखाली तसाच बसला होता. समोर मुलं पलटे घोटत, सा रे ग, रे ग म. मला ते पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत. काचेच्या खोलीत उभ्या राहिलेल्या सगळ्या माणसांची मला आठवण यायची. पण त्यांच्यासाठी बाहेर मी होतो. माझ्यासाठी कुणी नव्हतं.

कार्यक्रम टीव्हीवर लागला. बडबड आणि अडकलेलं बटण दोन्ही कापलं होतं. दिसलं ते एवढंच, की माई 'राग, राग' म्हणताहेत, हिरो गातोय आणि वेळ संपली. मग काय, माई भाजीला निघाल्या की कुणी तरी अर्पितवरून म्हणायचंच, "माई, आपके भिया को गुस्सा ही नहीं आता!" माई हसून पुढे जात. वर्गात आल्या की मात्र माझ्याकडे पाठ करून बसत. पुढे पुढे तर त्यांनी बैठकच फिरवली. मीही समजून होतो. आपलं बोलणं भिंतीवर टांगलेलं कुणाला बघवेल?

गणपती झाले. हॉल सोडायचा दिवस आला.

दुपारची वेळ होती. सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या. इरावती स्टुलावर चढून मला भिंतीवरून उतरवत होती. मुलांना कुठे बसवायचं हे अजून ठरलं नव्हतं. ठरण्यासारखं काही नव्हतंच. माई तंबोऱ्याला कापडी गवसणी घालत होत्या. जिन्यात पावलं वाजली. आधी आला अर्पित, टोपी डोळ्यांवर ओढलेली. मागून धापा टाकत, भरघोस मिशांचे गणपतराव.

"माई," अर्पित म्हणाला.

माईंनी मान वर केली नाही. "शूटिंग नाही?"

"आहे. सांगून आलोय." मग टोपी काढून, "या वेळी सांगून आलोय."

"काय हवंय?"

"अंतरा."

गवसणीची नाडी माईंच्या हातात तशीच राहिली. पण आवाज करडा. "सगळ्यांना मी फुकट शिकवते. तुला नाही. अर्धी चीज घेऊन पळणाऱ्याकडून मी फी घेते. आधी फी."

"म्हणूनच तर बाबांना आणलंय. माई, बाबांची वरची खोली खाली आहे."

माईंनी आता मान वर केली.

"वरची खोली खाली कशी असेल रे?"

अर्पित गोंधळला. गणपतराव मदतीला धावले. "नहीं माई, खाली है! सच्ची! म्हंजे खाली आपला बँड, अन् वर पूरी खाली!"

"म्हणजे वर खाली आणि खाली बँड? मग गणपतराव, रिकामी कुठली?"

इरावती स्टुलावर मटकन बसली आणि हसायला लागली. मी तिच्या मांडीवर. मग गणपतरावांच्या मिशा हलल्या, आणि मग माई. माईंना मी तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडावर धरून, अंग हलेस्तोवर.

"रिकामी," अर्पित म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "रिकामी आहे, माई. शब्द चुकला."

"तुझा नेहमीच चुकतो."

"दान नाही देत. फी म्हणून घ्या. जोवर शिकेन तोवर खोली वर्गाची."

"एका अंतऱ्यासाठी?"

"एका अंतऱ्यात कुठे संपतं, माई?"

माईंनी गवसणीची नाडी खाली ठेवली. मग गणपतरावांकडे वळल्या. "आणि खाली तुमची ट्रम्पेट वाजणार?"

"लगीनसराईतच, माई. बाकी दिवस माझे पोट्टे झोपतात."

"मग बाकी दिवस आम्ही गाऊ, लगीनसराईत तुमचं ऐकू," माई म्हणाल्या. वर्गाचं असं ठरलं.

इरावती डोळे पुसत उठली आणि मला पेटीसकट कागदात गुंडाळू लागली. "हे तिथे नीट दारासमोर लावू."

"आण इकडे." माईंनी पेटी घेतली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. चष्मा चढवला, काच सरकवली. "हे असं आत का गेलंय?"

"तेव्हाच अडकलं होतं," अर्पित म्हणाला. "सगळ्यांनी ओढलं, निघालं नाही."

"ओढून काय निघतंय?" तंबोऱ्याची खुंटी पिळावी तशी त्यांची घट्टे पडलेली बोटं माझ्या टोपीभोवती बसली. जोर नाही, घाई नाही. तार तुटू नये म्हणून बोटांना जी सवय असते, तीच. त्यांनी मला उजवीकडे फिरवलं.

टक्.

मी वर आलो. केवढा वेळ कोंडलेला तो तळहात माझ्यावरून उठला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दिवेही लागले नाहीत. माईंनी मला खिडकीत ठेवलं, तंबोऱ्याची गवसणी पुन्हा काढली आणि गुंडाळलेल्या सतरंजीवरच टेकल्या. "बस," त्या म्हणाल्या. "स्थायी तुझी तू गा. किती पक्की केलीयेस ते सगळ्या हिंदुस्थानने ऐकलंय."

तो गायला. गाणं त्या वळणावर आलं. तो सवयीने थांबला. आणि तिथून माईंनी उचललं. थकलेला, थोडा कापरा आवाज, पण वर चढला. मला पहिल्यांदा कळलं, की त्या वळणापुढे भिंत नव्हती, जिना होता.

आता मी बँडच्या वरच्या खोलीत राहतो. पेटी इरावतीने पेन-पेन्सिली ठेवायला घेतली. मला तार नाही. दाबलं तर काही थांबत नाही आणि काही सुरूही होत नाही. मुलं येता-जाता दाबतात, ओढून बघतात, मग बाण शोधतात. अर्पित महिन्या-दोन महिन्यांनी येतो, ओरडा खातो, शिकतो. शूटिंग लांबलं तर आधी कळवतो.

एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणी असं आत जाऊन बसलेलं असेल. एका शब्दावर अडलेलं, वर न येणारं. त्याला ओढू नका. ओढून आम्ही सुटत नाही. जवळ बसा, बाण कुठे आहेत ते बघा, आणि हलक्या हाताने फिरवा.